परभणी जिल्ह्यातील मराठी बोली

परभणी जिल्ह्यातील मराठी बोली : गोदावरीच्या मध्य खोऱ्यात, परभणी जिल्ह्यात व त्याच्या लगतच्या प्रदेशात बोलली जाणारी मराठीची प्रादेशिक बोली. मराठवाडी या व्यापक बोलीगटात तिचा समावेश करतात. जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूरकडील डोंगररांगा, दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटचे डोंगर आणि मध्ये गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचे काळ्या जमिनीचे सपाट खोरे, अशी या भूभागाची रचना आहे. जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ (२०११) असून त्यात नऊ तालुके आहेत. पूर्वीचा जिल्हा याहून बराच मोठा होता. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. बोली मात्र या फेरबदलांबरोबर हलली नाही. त्यामुळे ‘परभणीची बोली’ ही संज्ञा सोयीची आहे, काटेकोर नाही. वसमत व कळमनुरीकडील बोली पूर्णा तालुक्याच्या बोलीशी जितकी जुळते, तितकी गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातील बोली जिंतूरच्या बोलीशी जुळेलच असे नाही.

मराठीच्या बोलींचे पहिले विस्तृत वर्णन जॉर्ज अब्राहम ग्रीअर्सन (१८५१–१९४१) यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मिळते. वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी व देशावरील मराठी यांचे नमुने त्यात तपशीलाने दिलेले आहेत. परंतु हे सर्वेक्षण हैदराबाद संस्थानात झालेच नाही. परिणामी मराठी भाषकांचा एक मोठा सलग प्रदेश या अभ्यासाच्या नकाशावर जवळजवळ कोरा राहिला. पुढील काळातील अनेक पाठ्यपुस्तकांनी ग्रीअर्सन यांचे वर्गीकरण कमीअधिक फरकाने स्वीकारले आणि मराठवाड्याची बोली एक तर ‘देशी’त गृहीत धरली गेली किंवा ‘वऱ्हाडीसारखी’ म्हणून एका वाक्यात संपवली गेली. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

हा कोरेपणा केवळ अभ्यासातला नव्हता. आधुनिक मराठीची प्रमाण घडण इंग्रजी मुलखात झाली. मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण (१८३६), शाळाखात्याची क्रमिक पुस्तके आणि वृत्तपत्रे ही तिची साधने होत व ती मुंबई–पुण्याच्या परिसरात निर्माण झाली. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजी व्यवस्थेखाली गेल्यावर तेथे शाळांत व कचेऱ्यांत मराठी आली. जिंतूरच्या उत्तरेस काही मैलांवर हा बदल घडत असता परभणीत दरबारची भाषा फार्सी होती व १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाऊ लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्व संपेपर्यंत परभणीच्या बहुसंख्य कुटुंबांत मराठी ही घराची, शेताची, बाजाराची आणि कीर्तनाची भाषा होती; अर्ज, निवाडा व पदवी यांची नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या आणि शाळांबरोबर प्रमाणभाषा प्रथमच गावोगाव पोहोचली. ज्या बोलीत मूल घरी अचूक बोलत होते, तीच वर्गात ‘अशुद्ध’ ठरू लागली.

भाषेचे केंद्र बदलले की बोलीचा दर्जा बदलतो, याचे एक बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथे शतकानुशतके क्योतो हे राजधानीचे शहर होते व तेथील पश्चिम जपानी बोली प्रतिष्ठेची मानली जाई. १८६८ नंतर सत्ता तोक्योत स्थिर झाली. १९०२ मध्ये नेमलेल्या भाषासमितीने देशभर बोलींची पाहणी केली आणि शालेय पुस्तके तोक्योतील सुशिक्षितांच्या भाषेवर आधारली गेली. ‘जात नाही’ या अर्थी पूर्वेकडे ‘इकानाइ’ व पश्चिमेकडे ‘इकान’ असे रूप आहे. यांतील पश्चिमेचे रूप जुन्या वाङ्मयीन भाषेतील नकाराशी सरळ जोडलेले आहे, तरी आज त्याचीच गणना बोलीरूपात होते. गोदावरीकाठची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. यादवकाळात देवगिरी व पैठण ही राजसत्तेची आणि विद्येची केंद्रे होती. संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नरसी (आता हिंगोली जिल्ह्यात) आणि संत जनाबाईंचे गंगाखेड ही गावे याच पट्ट्यातील. मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळी जो प्रदेश मध्यवर्ती होता, तो पुढे भाषेच्या दृष्टीने कडेचा झाला.

यानागिता कुनिओ या जपानी अभ्यासकाने १९३० च्या आपल्या ग्रंथात गोगलगाईच्या निरनिराळ्या नावांचा नकाशा मांडून असे दाखविले, की नवे शब्द केंद्रातून वर्तुळाकार पसरतात व जुने शब्द कडेला टिकून राहतात. हा नियम सरसकट लावता येत नाही. पण परभणीकडील ‘म्या’ (मी) आणि ‘त्वा’ (तू) या रूपांना तो लागू पडतो. ‘म्या सांगितलं’, ‘त्वा ऐकलं न्हाई’ अशा वाक्यांत ही रूपे केवळ कर्त्याच्या तृतीयेसाठी येतात व जुन्या मराठीतील ‘मियां’, ‘तुवां’ यांच्याशी त्यांचे नाते उघड आहे. प्रमाण मराठीने ‘मी सांगितले’ असे म्हणून प्रथमा व तृतीया यांतील हा भेद सोडून दिला. अर्थात ‘म्या’ ही एकट्या परभणीची मिरास नव्हे. देशावरील इतर ग्रामीण बोलींतही ते रूप ऐकू येते.

ध्वनिविशेष : या बाबतीत परभणीची बोली देशावरील ग्रामीण मराठीच्या बरीच जवळ आहे. ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो (पानी, कोन, लोनी). शब्दारंभीचा ‘व’ पुढे इ-ई असता गळतो (इचार, इळा, इठोबा) व पुढे ए असता त्याचा ‘य’ होतो (येळ). आरंभीच्या ‘ए’ चा ‘ये’ (येक) आणि ‘ओ’ चा ‘व’ होतो (वळख, वझं). नपुंसकलिंगी ‘-ए’ ऐवजी सानुनासिक ‘-अं’ येतो, पण तो आता बोलल्या जाणाऱ्या मराठीत सर्वत्रच आढळतो. खरा भेद उत्तरेच्या सीमेवर दिसतो. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होऊन डोळा–डोया, काळा–काया अशी रूपे होतात, तर परभणीत ‘ळ’ शाबूत आहे. ‘मला, तुला’ यांऐवजी वऱ्हाडात ‘मले, तुले’ म्हणतात. परभणीत ‘मला, तुला’ हेच प्रत्यय रूढ आहेत. उलट षष्ठीची ‘माहा, माही, माह्या’ ही रूपे दोन्हींकडे चालतात. ‘का’ या अर्थी ‘काहून’ व ‘कामून’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. ती ‘का म्हणून’ याचीच घट्ट झालेली रूपे होत. एकच बोली एका बाबतीत वऱ्हाडाकडे व दुसऱ्या बाबतीत देशाकडे झुकते, याचे कारण बोलींच्या सीमा एकाच रेषेवर एकवटत नाहीत. प्रत्येक विशेषाची रेषा स्वतंत्र वाटेने जाते.

क्रियापदरूपे : या बोलीची खरी ओळख तिच्या क्रियापदांत आहे. चालू क्रिया दाखविण्यासाठी प्रमाण मराठीत ‘करत आहे’ किंवा ‘करतोय’ अशी रूपे येतात. परभणीत त्यांच्या जागी ‘करायलाय’ हे रूप आहे : ‘मी जायलो’, ‘तू काय करायलास?’, ‘ती भाकरी करायलीय’, ‘पाऊस पडायलाय’, ‘ते वावरात जायलेत’. नांदेड–लातूरकडे याचीच ‘करूलालास’, ‘करलालास’ अशी भावंडे भेटतात. या रूपांचे मूळ ‘लागणे’ या सहायक क्रियापदात आहे. ‘करायला लागला’ किंवा ‘करू लागला’ यातील ‘लाग-’ झिजत गेले व उरलेला अंश मुख्य क्रियापदाला चिकटून प्रत्यय बनला.

येथे केवळ उच्चार आखडलेला नाही. अर्थही पालटला आहे. प्रमाण मराठीत ‘लेकरू रडायला लागले’ म्हणजे त्याने रडण्यास आरंभ केला. परभणीत ‘लेकरू रडायलंय’ म्हणजे ते रडत आहे. केव्हा सुरुवात झाली याच्याशी त्या रूपाला कर्तव्य नाही. ‘लेकरू कवाचं रडायलंय’ हे वाक्य तेथे अगदी स्वाभाविक आहे. आरंभाचा अर्थ शिल्लक असता तर ‘कवाचं’ या शब्दाशी तो विसंगत ठरला असता. आरंभवाचक क्रियापदापासून चालू काळाचा प्रत्यय घडणे ही भाषेच्या इतिहासातील एक मोठी घटना असते आणि ती येथे पूर्ण झालेली आहे. हे न कळलेला परगावचा श्रोता ‘पाऊस पडायला’ हे वाक्य अर्धवट समजून पुढील शब्दाची वाट पाहतो. परगावी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याची थट्टा बहुधा याच एका रूपावरून होते.

पश्चिम जपानमधील बोलींत याच क्षेत्रातील एक निराळा भेद जपलेला आहे. तेथील अनेक भागांत बर्फ पडण्याची क्रिया चालू असेल तर ‘फुरियोरु’ व पडून जमिनीवर साचला असेल तर ‘फुत्तोरु’ म्हणतात. तोक्योच्या प्रमाणभाषेत या दोहोंसाठी ‘फुत्ते इरु’ हे एकच रूप आहे. बोली म्हणजे प्रमाणभाषेची ढिली झालेली आवृत्ती, ही समजूत अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

परभणीच्या बोलीतही प्रमाण मराठीत नसलेला एक भेद आहे. ‘मी आलो’ व ‘आम्ही आलो’ यांत प्रमाण मराठी क्रियापदाचे एकच रूप वापरते. वचन कळते ते केवळ सर्वनामावरून. परभणीत ‘मी आलो’, पण ‘आम्ही आलोत’. ‘मी जायलो’, पण ‘आम्ही जायलोत’. हा ‘-त’ बहुधा ‘आम्ही आहोत’ या रूपाच्या सादृश्याने पसरला असावा. त्यामुळे सर्वनाम गाळून नुसते ‘आलोत’ म्हटले तरी बोलणारे एकाहून अधिक आहेत हे स्पष्ट होते. विदर्भातही हे रूप आहे. शाळेच्या वहीत हा ‘-त’ तांबड्या शाईने खोडला जातो, ही गोष्ट भाषेपेक्षा शाळेविषयी अधिक सांगते.

शब्दसंग्रह : परभणीच्या शब्दसंपत्तीत शेतीचे व कचेरीचे असे दोन थर विशेष ठळक आहेत. शेत म्हणजे वावर व त्याचा बांध म्हणजे धुरा. वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी तो सालगडी, आणि त्याचे साल पाडव्याला बदलते. जाड मातीच्या धाब्याचे घर ते माळवद, वाड्याच्या दारातील ओसरी ती ढाळज, धान्य साठविण्याची घरातील जागा बळद. भरपूर या अर्थी मायंदाळ किंवा बक्कळ, थोडेसे या अर्थी उलसं, भल्या सकाळी या अर्थी येरवाळी. आई ही माय आणि मूल हे लेकरू, ‘माय वं!’ हा उद्गार आश्चर्य, दुःख व कौतुक या तिन्हींसाठी पुरतो.

शेतमालाच्या बाजारपेठेला परभणी, नांदेड, सेलू, मानवत अशा सर्व ठिकाणी ‘मोंढा’ म्हणतात. पुणे–सातारा भागात हा शब्द अनोळखी आहे, पण सिकंदराबादेतील जुन्या बाजाराचे नाव ‘मोंडा’ असेच आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने १९०० च्या सुमारास या प्रदेशाचा व्यापार हैदराबादशी जोडला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. याच दिशेने आलेला दुसरा शब्द ‘गुत्ता’ होय. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे मक्ता किंवा ठेका. परभणीत काम अंगावर घेणे म्हणजे ‘गुत्त्यानं घेणं’, आणि इतरत्र ज्याला ठेकेदार किंवा कंत्राटदार म्हणतात तो येथे गुत्तेदार. सोयाबीन कापणारी मजुरांची टोळीदेखील काम ‘गुत्त्यानं’ घेते. मराठवाड्यातील वृत्तपत्रे हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापतात.

कचेरीचा थर फार्सी–उर्दूचा आहे. फार्सी शब्द सर्वच मराठीत आहेत. शिवकालीन कागदपत्रे त्यांनी भरलेली आहेत. मराठवाड्यातील फरक एवढाच, की येथे हा ओघ १९४८ पर्यंत थांबला नाही. तालुकदार, गिरदावर, पेशकार ही अधिकाऱ्यांची नावे, सेतवार, खासरा ही जमिनीच्या नोंदींची नावे, लिलावासाठी हर्रास, वर्षगणनेसाठी फसली सन, आणि संस्थानच्या ‘हाली’ रुपयाहून वेगळा इंग्रजी रुपया तो ‘कलदार’. यांपैकी बरेच शब्द आता वृद्धांच्या बोलण्यात व जुन्या दप्तरांत उरले आहेत. तथापि ते निरुपयोगी झाले असे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन महसुली नोंदींचा शासकीय शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू, फार्सी व मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी निर्माण झाली. शब्द विसरले गेले की त्या शब्दांत लिहिलेले हक्कही वाचता येईनासे होतात.

उर्दूशी आलेला संबंध केवळ कचेरीतला नव्हता. परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू या गावांत दखनी बोलणारी मुस्लिम वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे व बाजारात दोन्ही बोली रोज एकमेकींस भेटतात. ही देवघेव दुहेरी आहे. दखनीतील नकारार्थी ‘नक्को’ हे मराठी ‘नको’ चेच रूप आहे, आणि ‘मैंइच’, ‘ऐसाइच’ यांतील जोर देणारा ‘-च’ मराठीतून गेलेला आहे. उत्तरेकडील हिंदी–उर्दू भाषकाला या लकबी चमत्कारिक वाटतात. परभणीच्या मराठी भाषकाला त्यांत काही वेगळे जाणवतच नाही. जिंतूरकडील डोंगराळ भागात बंजारा समाजाची राजस्थानी गटातील गोरमाटी भाषा बोलली जाते. तिच्या भाषकांची मराठी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. कानडीचा संपर्क मात्र येथे लातूर–उदगीर भागाच्या मानाने पुष्कळच विरळ आहे.

साहित्यात या बोलीला स्थान मिळण्यास वेळ लागला. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले बी. रघुनाथ (भगवान रघुनाथ कुलकर्णी, १९१३–५३) हे संस्थानी काळातील मराठवाड्याचे अग्रगण्य कवी व कथा-कादंबरीकार. आडगावचे चौधरी यांसारख्या कादंबरीत त्यांनी या प्रदेशाचे जीवन रंगविले, परंतु त्यांचे निवेदन प्रमाण मराठीतच राहिले. ज्या संस्थानात मराठी लिहिणे हेच भाषेचे अस्तित्व राखण्याचे काम होते, तेथे लेखकाने बोलीपेक्षा प्रमाणभाषेचा आधार घेणे समजण्यासारखे आहे. पुढील पिढीवर ते दडपण नव्हते. इंद्रजित भालेराव यांनी पीकपाणी या संग्रहापासून शेतकऱ्याची बोली कवितेत आणली. आसाराम लोमटे यांच्या आलोक या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथांतील संवादांना परभणी परिसराच्या बोलीचे अस्तर आहे. लिखित साहित्याआधीची परंपरा स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांची. जनाबाईंचे नाव त्या ओव्यांत वारंवार येते, आणि बोलीची जुनी रूपे छंदाच्या आधाराने त्यांत टिकून राहिली आहेत. विजेच्या गिरण्या आल्यानंतर दळणाबरोबर तो आधारही गेला.

अभ्यासाची स्थिती : जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने सुमारे २,४०० गावांत माहिती गोळा करून १९६६ ते १९७४ या काळात सहा भागांचा भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मराठीसाठी अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका हाती घेतली. तिच्या आरंभीच्या पुस्तकांचा रोख मुख्यतः कोकण व किनारपट्टीवरील बोलींकडे होता. पुढे भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (२०१३) निघाला, आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील निवडक गावांत विविध वयोगटांच्या भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते. ग्रीअर्सन यांच्या नकाशातील कोरी जागा अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळानंतर भरली जात आहे.

शाळा, आकाशवाणी, दूरदर्शन, भ्रमणध्वनी आणि पुण्या–मुंबईकडील स्थलांतर यांमुळे बोलीत होणारा बदल सर्व अंगांनी सारखा नाही. शब्द सर्वांत आधी जातात. बळद गेले की ‘बळद’ राहत नाही. ज्यांच्यावरून माणूस खेडवळ ठरतो अशी ‘पानी’, ‘येळ’, ‘इचार’ ही उच्चारणे सुशिक्षित भाषक जाणीवपूर्वक सोडतो. क्रियापदाची रूपे मात्र त्याच्या लक्षातच येत नाहीत. ‘पाणी’ व ‘विचार’ हे शब्द प्रमाण उच्चाराने बोलणारे परभणीचे वकील, प्राध्यापक व डॉक्टर ‘आम्ही आत्ताच आलोत’ आणि ‘तो जेवायलाय’ असे सहज म्हणतात.